पोळ्याचा नाही, साध्या दिवसाचा फोटो काढा

रोवणी आटोपली. आता पोळा आला की सगळ्यांच्या स्टेटसवर बैलच बैल. माझ्याकडेही पवळ्याचे असे पंधरा-वीस फोटो होते. अंगावर झूल, शिंगांना बेगड, आणि मधात गॉगल लावलेला पुतण्या.

मागच्या हिवाळ्यात वाघानं पवळ्याला नाल्याजवळ पाडलं. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा मागचा भाग खाऊन झाला होता. "बैल कसा होता, दाती किती?" मी मोबाईल पुढे केला. एकाही फोटोत पुरता बैल नाही! कानातला बिल्लाही झाकलेला. किंमत मग अंदाजानं लागली, अन् अंदाज खालीच लागतो.

2022 च्या शासन निर्णयात गाय, म्हैस, बैल गेला तर बाजारभावाच्या 75 टक्के किंवा 70 हजार रुपये, जे कमी असेल ते मिळतं. म्हणजे सगळा खेळ बाजारभावाचा. ताडोब्यात लोक लाखाचे कॅमेरे घेऊन वाघाचे फोटो काढतात, आणि आपण आपल्या बैलाचा एक धड फोटो काढत नाही. माझ्या मते ही आपलीच चूक आहे.

सकाळी ढोरं सोडायच्या आधी काढा, ऊन तुमच्या पाठीमागून यायला पाहिजे. भर दुपारी काळं जनावर डांबरासारखं दिसते, पांढरं चुन्यासारखं. उभ्यानं काढू नका. गुडघ्यावर बसा, मोबाईल बैलाच्या छातीएवढ्या उंचीवर आडवा धरा, नाहीतर पाय आखूड येतात. चारही खूर दिसले पाहिजेत. दोन्ही बाजूंनी एकेक, मग तोंड-शिंगं. बिल्ल्यासाठी झूम करू नका, जवळ जा, बाराही आकडे वाचता आले पाहिजेत. दातांना दोघं लागतात, एकानं तोंड धरायचं. हलत असेल तर पुढ्यात ढेप ठेवा. फ्लॅश नको, जनावर बुजते. अन् ते रंग उजळवणारं फिल्टर तर बिलकुल नको.

आणखी एक. जनावर मारलं गेलं तर फोटोसाठी एकट्यानं जवळ जाऊ नका, वाघ शिकारीवर परत येतो. आधी वनरक्षकाला फोन.

काल ढवळ्याचे काढले, भावाच्या मोबाईलवरही पाठवून ठेवले. फोटोत तो जरा डावीकडे सरकून उभा आहे. पवळ्या त्या बाजूला राहायचा.