गल्ला कुणाच्या नावावर?

माझी धाकटी जाऊ तालुक्याच्या गावी मसाले, चटण्या करते. भाचीने तिला इंटरनेटवर छोटंसं दुकान थाटून दिलं. परवा तिचा फोन आला, "ताई, पैसे भरायच्या पानावर डझनभर पर्याय दिसतायत. सगळे ठेवू का?"

मी म्हटलं, "अगं, लग्नाच्या पंगतीत पंचवीस पदार्थ वाढले म्हणून पाहुणा जास्त जेवतो का? गोंधळतो मात्र नक्की!"

मग आम्ही दोघी वही घेऊन बसलो. यूपीआय २०१६ साली आलं. त्यात पैसे गिऱ्हाइकाच्या बँकेतून थेट आपल्या बँकेत येतात. डिजिटल पाकिटाचं तसं नाही. त्यात आधी पैसे भरून ठेवावे लागतात, अगदी आपल्या कनवटीच्या पिशवीसारखे. खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारावर दुकानदाराकडून शुल्क घ्यायचं नाही, असा नियम २०२० पासून आहे. मधली गेटवे कंपनी मात्र आपल्या सेवेचे पैसे लावू शकते. कार्ड आणि पाकिटावर साधारण दोन टक्के कापले जातात, वर त्या शुल्कावर जीएसटीही लागू शकतो. म्हणजे पाचशेच्या मागणीत दहा-बारा रुपये गेले. मसाल्याच्या धंद्यात हे काही थोडे नव्हेत!

एकाच पाकिटावर विसंबणंही बरं नाही. रिझर्व्ह बँकेच्या आदेशामुळे १५ मार्च २०२४ नंतर पेटीएम पेमेंट्स बँकेच्या पाकिटात नव्याने पैसे भरणं बंद झालं, हे आपण पाहिलंच.

शेवटी असं ठरलं: सर्वांत वर यूपीआय, त्याखाली कार्ड, गिऱ्हाइकं खरोखर मागतात तेवढंच एखादं पाकीट आणि ओळखीच्या आजी-मावश्यांसाठी माल हातात पडल्यावर रोख.

मागच्या दिवाळीत एकाने तिला पैसे भरल्याचं नुसतं चित्र पाठवलं. तिने भाबडेपणाने चार किलो मसाला रवाना केला. पैसे आलेच नव्हते! म्हणून खात्यात जमा झाल्याची खात्री केल्याशिवाय माल हलवायचा नाही. आणि पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. कुणी मागितला तर फोन ठेवायचा. फसगत झालीच तर लगेच १९३० वर कळवायचं.

हे सगळं झाल्यावर मी सहज विचारलं, "पैसे जमा कुठे होतात गं?" ती जरा थांबली. "ह्यांच्या खात्यात. माझं खातं कुठे वापरात असतं?"

मला चटकाच बसला. पहाटे उठून मिरच्या भाजायच्या तिने, ठसका लागायचा तिला, आणि गल्ला दुसऱ्याच्या नावावर! दीर सज्जन आहेत, प्रश्न त्यांचा नाहीच. पण उद्या धंदा वाढवायला कर्ज हवं झालं, तर बँक खात्यातली उलाढाल बघणार. तिच्या नावावर ती दिसणारच नाही.

दुसऱ्याच दिवशी ती बँकेत गेली. दीरच स्कूटरवरून घेऊन गेले, हे विशेष!

मैत्रिणींनो, पर्याय कुठलाही निवडा. पण त्याआधी एवढं बघा, तुमच्या घामाचा पैसा येऊन पडतो तो कुणाच्या नावावर?