सुपारी देणाऱ्यांचे सोवळे

गेल्या हिवाळ्यात साताऱ्यात एका सभेला गेलो होतो. सभा लोककलांवरची होती. त्यामुळे श्रोत्यांत लोक कमी आणि कला जाणणारे जास्त. वक्ते विद्वान होते. त्यांनी तासभर तमाशाचे गुणगान केले आणि शेवटी घाव घातला, "आजच्या फडांनी तमाशा बाजारात विकला. बापूरावांची लावणी गेली, सिनेमाची गाणी आली. पैशापायी तमाशा बाटला!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही सवयीने टाळी वाजवली. घरी परतताना मात्र तो 'बाटला' शब्द चपलेत खडा शिरावा तसा टोचू लागला. त्या टाळीचे प्रायश्चित्त म्हणून हा लेख.

प्रथम या शब्दाचाच समाचार घेऊ. वक्त्यांनी ज्यांचे नाव घेऊन तो उच्चारला, ते पठ्ठे बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. जन्म १८६६ चा, गाव वाळवे तालुक्यातले रेठरे हरणाक्ष. या कुलकर्ण्याने वतनाचे दप्तर सोडले, ढोलकीच्या मागे गेला आणि पवळा या महार समाजातल्या कलावतीबरोबर फडावर उभा राहिला. तेव्हा गावाने, भाऊबंदांनी आणि ब्रह्मवृंदाने त्याच्याविषयी कोणता शब्द वापरला? हाच. कुलकर्णी बाटला! त्याच बापूरावांनी मुंबईच्या थिएटरांत तिकीट लावून खेळ केले, पैसा मिळवला, उधळला आणि १९४५ साली पुण्यात विपन्नावस्थेत प्राण सोडला. ज्याला हयातीत बाटगा ठरवले, त्याच्याच नावाचे सोवळे नेसून आज आपण त्याच्या वारसांना बाटगे म्हणतो आहोत. सोवळे बदलले, नेसणारे तेच आहेत.

दुसरा आरोप पैशाचा. मी विचारतो, तमाशा फुकट होता केव्हा? पेशवाईत शाहिराला बिदागी मिळत होती. पुढे गावोगावच्या पाटलांनी सुपारी दिली. शहरात तिकिटाची खिडकी आली. तमाशा हे हौशी मंडळींचे सायंकाळचे मनोरंजन नव्हे, ते पोट आहे. दसऱ्याला फड बाहेर पडतो आणि वैशाखापर्यंत फिरतो. साठ-सत्तर, मोठा फड असला तर शंभरावर माणसे; ट्रक, तंबू, कनात, जनरेटर, भटारखाना. हंगामापूर्वी कलावंताला उचल द्यावी लागते आणि ती देण्यासाठी फडमालकाला स्वतः सावकाराकडून उचल घ्यावी लागते. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला राहुट्या लागतात, आमच्या विट्यालाही सुपाऱ्या ठरतात. ज्या रात्री खेळ नाही, त्या रात्रीही शंभर ताटे वाढावीच लागतात. २०२० आणि २०२१ या दोन सालांत साथीमुळे जत्राच बंद राहिल्या, तेव्हा या ताटांचे काय झाले, याची चौकशी करायला किती रसिक गेले? मी गेलो नाही. वक्तेही गेले नसावेत. सभेचे मानधन मात्र त्यांनी घेतले, घ्यावेच, पण मग ढोलकीवाल्याच्या मानधनाला 'बाजार' का म्हणावयाचे?

आता तिसरा आणि सर्वांना प्रिय असलेला आरोप : सिनेमाची गाणी. येथे हिशेब नीट मांडला पाहिजे, कारण उधारी कोणाकडे निघते हेच आपण विसरलो आहोत.

१९५९ साली अनंत मान्यांचा 'सांगत्ये ऐका' आला. पुण्याच्या विजयानंदला तो १३१ आठवडे चालला. त्यातले बुगडीचे गाणे अजून कोणाच्या ओठांवर नाही? गीत ग. दि. माडगूळकरांचे, जन्म आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्याचा. गळा आशा भोसल्यांचा, जन्म सांगलीचा. चाल वसंत पवारांची आणि बाज सगळा फडावरचा. ढोलकीचा तोडा, लावणीचा ठसका, नायकिणीचा नखरा, हे सारे सिनेमावाल्यांनी कोठून उचलले? आमच्याच जत्रांतल्या कनातीतून. त्यावर चित्रपटगृहे भरली आणि पडद्यावरच्या तमाशाला आपण घरच्या बायकामुलांसह गेलो. खऱ्या तमाशाला मात्र त्यांना पाठवले नाही. मग फडावरच्या बाईने तेच गाणे परत म्हटले तर बिघडले काय? जिची बुगडी हरवली तिने ती सापडताच पुन्हा कानात घातली, तर चोर कोणाला म्हणावयाचे?

आणखी एक. पांढरपेशांनी तमाशा घेतला तेव्हा आपण काय म्हणालो? पु. ल. देशपांड्यांनी 'पुढारी पाहिजे' लिहिले; व्यंकटेश माडगूळकरांनी वगनाट्ये लिहिली; १९६५ साली वसंत सबनिसांचे 'विच्छा माझी पुरी करा' रंगभूमीवर आले आणि दादा कोंडक्यांनी तिकीटबारी हलवली. मी ही सारी मंडळी मानतो. पण तिकीट तेथेही होते, शहरी प्रेक्षकाला रुचेल अशी काटछाट तेथेही होती. त्याला आपण नाव दिले लोकनाट्य, तमाशाचे पुनरुज्जीवन! म्हणजे आम्ही त्यांचे घेतले की प्रयोग, आणि त्यांनी आमचे घेतले की भ्रष्टाचार. हा न्याय कोणत्या शास्त्रातला?

हा रोग केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत मिसिसिपीच्या कापसाच्या मळ्यांत राबणाऱ्या काळ्या मजुरांचे 'ब्लूज' नावाचे गाणे आहे. मडी वॉटर्स हा त्या मळ्यातला गडी १९४३ साली शिकागोला गेला. तेथल्या दारूच्या गुत्त्यांतल्या गोंगाटात साध्या गिटारीचा आवाज पोचेना, म्हणून त्याने विजेची गिटार हाती घेतली. १९५८ साली तो इंग्लंडला गेला, तेव्हा तेथल्या काही शुद्धतावादी रसिकांना ती कर्कश वाटली. त्यांना मळ्यातला, साध्या गिटारीवर गाणारा हवा होता. पुढे त्याच्याच एका गाण्यावरून नाव घेतलेली 'रोलिंग स्टोन्स' ही गोऱ्या पोरांची मंडळी विजेच्याच गिटारी घेऊन जगभर गाजली, गडगंज झाली. रसिकाला गरिबाची कला नेहमी गरीबच हवी असते. गरिबाने ध्वनिक्षेपक घेतला की त्याच्या कानाला त्रास होतो.

मग तमाशाचे काहीच बिघडले नाही, असे माझे म्हणणे आहे काय? नाही. पुष्कळ बिघडले आहे. पण बोट चुकीच्या जागी ठेवले जाते आहे.

तमाशाचा जीव लावणीत नाही. तो सोंगाड्याच्या जिभेत आहे. गण झाला, गवळण झाली की बत्तावणी सुरू होते आणि मध्यरात्रीनंतर वग उभा राहतो. त्या वगात राजा असतो, प्रधान असतो, पोलीस असतो. आणि हातावर पोट असलेला एक फाटका माणूस त्या सर्वांची टोपी उडवतो. ज्याच्या सुपारीवर फड जेवतो, तो पाटील पुढच्या रांगेत बसलेला असतो आणि त्याच्याच तोंडावर त्याची खोड काढली जाते. पाटील हसतो, कारण हसला नाही तर गाव त्याला हसेल. सांगलीजवळच्या कवलापूरची काळू-बाळूंची जोडी आठवा. लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ. 'जहरी प्याला' या वगातल्या हवालदारांच्या भूमिकांनी त्यांना अशी काही नावे चिकटली की खरी नावे लोक विसरले. बंदोबस्ताचा खरा हवालदार कनातीच्या दाराशी आणि खोटे दोघे रंगमंचावर. गाव पोट धरून हसते आहे, आणि खरा हवालदारही हसू दाबतो आहे. ही तमाशाची खरी मिळकत होती. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी तिचे मोल ओळखले आणि मालकाला, सावकाराला त्याच फडावर उभे करून जाब विचारला.

म्हणून मी कसोटी सांगतो ती ही : फड पैसे घेतो तेव्हा विकला जात नाही. ज्या दिवशी पैसे देणाऱ्यावर हसायचे तो थांबतो, त्या दिवशी तो विकला गेला असे समजावे. आणि या कसोटीवर पाहिले, तर विकत घेणारे कोण, हाच प्रश्न आधी येतो.

पहिला ग्राहक सरकार. स्वातंत्र्याच्या सुमारास खेरांच्या मंत्रिमंडळाने तमाशावर बंदी घातली. मग दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधारण्यासाठी समिती नेमली. वगाची संहिता तपासून घेतल्याशिवाय परवाना मिळेनासा झाला. जी कला ऐन वेळच्या हजरजबाबीवर जगते, तिच्या तोंडी आधी मंजूर केलेला कागद दिला. दुसरा ग्राहक कायदा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद झाले. वर्षातल्या थोड्या दिवसांना बारापर्यंतची सवलत. झोपणाऱ्यांच्या बाजूने नियम योग्यच आहे. पण कात्री कशावर चालली? गाणी रात्रीच्या आरंभी असतात, वग शेवटी असतो. कात्रीखाली वग आला.

आणि तिसरा ग्राहक मी.

होय, हे लिहिल्याशिवाय या लेखाला अर्थ नाही. माझे गाव कृष्णाकाठचे. वडिलांच्या जुन्या कागदांवर जिल्ह्याचे नाव 'दक्षिण सातारा' असे आहे, कारण १९६० पर्यंत सांगली जिल्ह्याचे नाव तेच होते. लहानपणी चैत्रातल्या जत्रेत घोंगडी पांघरून मी पहाटेपर्यंत वग पाहिले आहेत आणि सकाळी तांबडे डोळे घेऊन हजेरीलाही बसलो आहे. पुढे मास्तर झालो, निवृत्त झालो आणि एक वर्ष जत्रा कमिटीत गेलो. फडाचे मॅनेजर सुपारीला आले. कमिटीच्या पोरांनी अटी सांगितल्या. वग नको, वेळ नाही. गाणी भरपूर ठेवा. आणि मांडवाचा खर्च ज्या साहेबांनी दिला आहे, त्यांच्यावर, कारखान्यावर, पतपेढीवर सोंगाड्याने काही बोलायचे नाही. मॅनेजर वयस्क होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "गुरुजी, मग सोंगाड्यानं बोलायचं तरी कशावर?"

कोणी उत्तर दिले नाही. माझे अक्षर चांगले, म्हणून करार मी लिहिला. ती अटही मीच लिहिली.

त्या रात्री सोंगाड्या आला. म्हातारा, पण डोळ्यांत अजून पाणी होते. त्याने पुढच्या रांगेतल्या साहेबांकडे एकदा पाहिले, घसा खाकरला, आणि स्वतःच्या बायकोवरचे तीन शिळे विनोद सांगून आत गेला. मग गाणी सुरू झाली. शिट्ट्या झाल्या, नोटा उडाल्या. पावणेदहाला सारे आटोपले. दुसऱ्या दिवशी पारावर मीच म्हणालो, "तमाशात आता पूर्वीचा राम राहिला नाही!" असे म्हणणाऱ्या जिभेला हाड नसते, ते यासाठीच.

तेव्हा विद्वान वक्त्यांना माझे सांगणे आहे. आपण ज्याला फडाचा लोभ म्हणता, ती आमच्या गावांची ऑर्डर आहे. हॉटेलात बसून भजी मागवायची, भजीच खायची आणि जाताना मालकाला म्हणायचे की तुझ्याकडे पुरणपोळी मिळत नाही, तू धर्म सोडलास! वग हवा असेल तर वगाची सुपारी द्या. खेळ संध्याकाळी सातला सुरू करा आणि पहिला तास-दीड तास वगाला द्या. गाणी नंतर दहापर्यंत होऊ द्या. वगाचे पैसे वेगळे मोजा, कारण वगाला तालीम लागते, पाठांतर लागते आणि आठ-दहा नट पोसावे लागतात. ध्वनिमुद्रित गाण्यावर नाचायला ते लागत नाहीत. हे न करता केवळ शुद्धतेच्या नावाने गळा काढणे हा फुकटचा धंदा आहे.

आणि गाणी? ती राहू देत. बापूरावांच्या काळी सिनेमा असता तर त्यांनीही त्यातली चाल पळवली असती आणि पळवून सुधारली असती.

येत्या फाल्गुनात आमच्या कमिटीची बैठक बसेल. मला कोणी बोलावलेले नाही, पण मी जाणार आहे. साहेब पुढच्या रांगेत बसणार असतील तर अवश्य बसोत. मांडवाचे पैसे देणार असतील तर तेही देवोत. मात्र करारात एक कलम घालावयाचे आहे : सोंगाड्याने कोणालाही सोडू नये, साहेबांना नाही, कमिटीला नाही, आणि गुरुजींना तर मुळीच नाही. पोरे कुरकुरतील. कुरकुरू देत. करार लिहायला अजूनही गावात माझ्याइतके चांगले अक्षर कोणाचे नाही.