तंबोऱ्याचे मोल

जेऊरजवळून वाहणारी भीमा पुढे पंढरपूर-मंगळवेढ्याकडे जाते. त्या बाजूचे कडू भोपळे वाळवून मिरजेस जातात व तेथे त्यांचे तंबोरे होतात. शिकलगार घराण्यांनी हत्यारे सोडून हा धंदा धरला, तो एकोणिसाव्या शतकात. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांस भौगोलिक मानांकनही लाभले.

मग हाच तंबोरा परदेशी इतका महाग का? व्यापाऱ्याच्या नफ्यास दोष देणे सोपे. पण खरा चोर तो पोकळ भोपळाच! विमानाने जाणाऱ्या हलक्या पण अवजड जिनसांचे भाडे वजनावर नव्हे, आकारावर घेतात. दीड मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद व उंच पेटीचे ३,७५,००० घन सेंटिमीटर होतात. त्यांस ६,००० ने भागण्याचा प्रघात आहे. म्हणजे भाडे साडेबासष्ट किलोंचे, आणि आत वाद्य थोड्याच किलोंचे! वर त्या देशाची जकात निराळी. बासरीस ही पीडा नाही.

परदेशातील नातीस तंबोरा धाडू इच्छिणाऱ्या आजोबांस आम्ही भोपळ्याविना, लाकडी पेटीचा लहान तंबोराच सुचवू. नादाची गोलाई उणी होईल, हे खरे. परंतु वाटेत फुटलेला भोपळा सांधणारा आणि उतरलेली जवारी लावून देणारा कारागीर तेथे सहसा भेटत नाही.