टायमिंग 'अंदाजाने' लागत नाही : खानदेशातील कारागिरांच्या विद्येचा न लिहिलेला इतिहास

#थ्रेड #इतिहास #खानदेश

१/ धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. तेथील गॅरेजात मिस्त्री इंजिन उघडून बसला, की बघणारा कौतुकाने म्हणतो, "काय जुगाडू माणूस!" हे कौतुक अपमानकारक आहे. अंशाअंशाच्या हिशेबाला 'जुगाड' म्हटले, की त्या विद्येचा इतिहास लिहिण्याची जबाबदारी आपोआप टळते.

२/ आधी विद्या काय ती पाहू. निकोलस ऑटो याने १८७६ साली यशस्वी केलेले चार स्ट्रोकचे इंजिन चार कामे करते : हवा ओढणे, दाबणे, जाळणे, धूर बाहेर टाकणे. एवढ्यात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात आणि वाल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा एक. या दोन शाफ्टांचा मेळ म्हणजे टायमिंग.

३/ हा मेळ किती नाजूक? कॅमशाफ्टच्या चाकाला ४० दाते आहेत असे धरा. चेन एका दाताने चुकली तर कॅमशाफ्ट ९ अंशांनी सरकतो. क्रँकच्या हिशेबाने ती चूक १८ अंशांची होते. इंजिनाचा दम जातो. चूक वाढली तर अनेक इंजिनांत पिस्टन उघड्या वाल्व्हवर आदळतो, वाल्व्ह वाकतात आणि हेड उतरवावे लागते. अंदाजाला येथे जागाच नाही.

४/ खानदेशात ही विद्या मोटारीबरोबर आली नाही. १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे भुसावळला पोहोचली आणि हे गाव रेल्वेचे मोठे ठाणे झाले. वाफेच्या इंजिनाला कॅमशाफ्ट नसे. पण सिलिंडरमध्ये वाफ कधी सोडायची आणि कधी तोडायची, हा प्रश्न तोच होता. त्या कामाला वाल्व्ह सेटिंग म्हणत.

५/ त्यासाठी पिस्टनच्या धावेचे नेमके टोक शोधावे लागे. अडचण अशी, की टोकाजवळ चाक काही अंश फिरले तरी पिस्टन हलल्यासारखा दिसतच नाही. म्हणून टोकाच्या थोडे आधी एक खूण, टोक ओलांडून पिस्टन त्याच जागी परतला की चाकावर दुसरी खूण, आणि दोन्ही खुणांचा मध्य. जगभरच्या लोको शेडमध्ये फिटर असेच टोक काढीत. ही शुद्ध भूमिती आहे. ती पाटीऐवजी पोलादावर मांडलेली होती, इतकेच.

६/ अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१ ते १८६५) हिंदुस्थानी कापसाला सोन्याचे मोल आले आणि त्याचा लाभ खानदेशालाही झाला. पुढे जळगाव-धुळ्याकडे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने वाढले. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये कापसाची चर्चा विस्ताराने येते. जिनांची इंजिने ज्यांनी चालती ठेवली, ती माणसे मात्र इतिहासात कोठे भेटत नाहीत.

७/ अमळनेर घ्या. श्रीमंत प्रताप शेठ यांची कापडगिरणी आणि तत्त्वज्ञान मंदिर आपल्याला ठाऊक असते. आजच्या विप्रोची सुरुवात १९४५ साली याच गावी वनस्पती तेलाच्या कारखान्याने झाली, हेही अभिमानाने सांगितले जाते. शेठजी आणि संस्थापक स्मरणात राहिले. यंत्रघरातील फिटर राहिला नाही. ही विस्मृती अपघाताने घडलेली नाही. हात काळे करणाऱ्याकडे ज्ञान असते, हे आपण मानतच नाही.

८/ नंतर ऑइल इंजिन शेतात आले. १९३० च्या दशकात साताऱ्याजवळ कूपर यांच्या कारखान्यात, आणि १९४६ पासून खडकीला किर्लोस्करांच्या कारखान्यात डिझेल इंजिनाने मराठी मुलुखात मूळ धरले. अशा साध्या इंजिनात गिअरांवर ठोकलेले ठिपके जुळवले, की टायमिंग जुळे. येथे एक महत्त्वाची गोष्ट लक्षात घ्यावी : ज्ञान यंत्रावरच कोरलेले होते आणि ज्याला डोळे होते त्याला ते वाचता येत होते.

९/ आजच्या अनेक इंजिनांत तसे नसते. काहींत कॅमचे चाक शाफ्टवर खाचेने अडकवलेले नसते. ते केवळ बोल्टच्या दाबावर बसते. बोल्ट सैल केला, की चाक मोकळे फिरते. रांजणगाव आणि मानेसर येथे बनलेले, आपल्या रस्त्यांवरील कितीतरी गाड्यांत बसलेले १.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल पाहा. त्याचे दोन कॅमशाफ्ट वरून दोन पिनांनी आणि क्रँक वेगळ्या पिनेने जागच्या जागी धरावा लागतो.

१०/ हीच लॉकिंग टूल्स. रीत अशी : क्रँक ठरलेल्या जागी आणून पिन घालायची, मग कॅमशाफ्टांना पिना. नवी चेन किंवा बेल्ट बसवायचा, ताण द्यायचा, बोल्ट नेमक्या टॉर्कवर कसायचे. पिना काढून इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवायचे आणि पिना पुन्हा घालून पाहायच्या. दोनच फेरे का? कारण तेव्हाच कॅमशाफ्टचा एक फेरा पुरा होतो. पिना सहज गेल्या नाहीत, तर काम पहिल्यापासून.

११/ येथे मिस्त्र्यांच्या बाजूचीही एक चूक सांगितली पाहिजे. टूल नाही म्हणून जुन्या चेनवर आणि चाकांवर व्हाइटनरचे ठिपके देऊन नवी चेन त्याच ठिपक्यांवर चढवली जाते. जुनी चेन आधीच एक दात सरकलेली असेल तर? मग चूकच इमानेइतबारे उतरवली जाते. बखरीच्या अशुद्ध प्रतीवरून नक्कल करणाऱ्या कारकुनासारखे हे आहे : अक्षर सुरेख, पाठ चुकलेला.

१२/ दुसरी चूक म्हणजे लॉकिंग पिनेलाच आधार मानून बोल्ट कसणे किंवा सोडणे. पिन जागा दाखवण्यासाठी असते. जोर सोसण्यासाठी चाक धरायचे वेगळे साधन लागते. जोर पिनेवर आला, तर ती वाकते किंवा कॅमशाफ्टची खाच बिघडते. हा बारकावा शिकवावा लागतो. आणि शिकवायचा कोणी, येथेच खरा वाद सुरू होतो.

१३/ "टूल आले आणि कसब संपले" हे रडगाणे खोटे आहे. चाकावर खुणा करणाऱ्या फिटरच्या हातीही साधनच होते. साधनाने कसब मरत नाही. साधन आणि माहिती कुलुपात ठेवली, की मरते. ठिपका गिअरवर होता तोवर ज्ञान सर्वांचे होते. तेच ज्ञान विशिष्ट पिनेत आणि कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये गेले, तेव्हा त्यावर मालकी आली.

१४/ हा काही संशयखोरांचा कांगावा नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना खुल्या बाजारात मिळू न देणे, हा ठपका होता. पुढे अपिले झाली, कज्जे लांबले. दरम्यान, साक्री रोडच्या किंवा अजिंठा चौफुलीच्या मिस्त्र्याने काय करायचे होते?

१५/ जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही तिची चार क्षेत्रे. त्याच वर्षी पोर्टलही निघाले. चांगले झाले. पण पोर्टलवरच्या माहितीने पिन हातात येत नाही, आणि मराठीत मॅन्युअल तर त्याहून दूर.

१६/ कंपन्यांचा युक्तिवाद सुरक्षिततेचा असतो : अडाणी हातात साधन गेले तर इंजिन बिघडेल. उलट विचारा. गाडी तर त्या गॅरेजात येणारच आहे, कारण सटाणा किंवा चोपड्याच्या शेतकऱ्याला ऐन हंगामात दूरच्या शोरूमची वाट पाहणे परवडत नाही. मग इंजिन पिनेने जुळवणे सुरक्षित, की व्हाइटनरने? आधी साधन नाकारायचे आणि मग साधनाविना झालेल्या कामावरून माणसाला अडाणी ठरवायचे, ही चलाखी जुनी आहे.

१७/ आता इतिहासकारांना एक प्रश्न. वि. का. राजवाड्यांचे देहावसान धुळ्यात झाले (१९२६). त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्याच गावी उभे आहे. वाण्याच्या चोपड्या आणि कुलकर्ण्यांची दप्तरे हीही इतिहासाची साधने आहेत, हे त्यांनी दारोदार हिंडून महाराष्ट्राला पटवले. मग तेलाने माखलेली गॅरेजची वही, त्यातील वाल्व्हचे गाळे आणि टॉर्कचे आकडे, हे साधन का नव्हे? ती वही रद्दीत जाण्याआधी कोणी मागितली आहे का?

१८/ मागणी म्हणून तीनच गोष्टी. जळगाव आणि धुळ्याच्या आयटीआयमध्ये प्रचलित इंजिनांचे लॉकिंग सेट ठेवावेत आणि ते गॅरेजांना भाड्याने मिळावेत. टायमिंगची कृती मराठीत छापून खुली करावी. आणि म्हाताऱ्या मिस्त्र्यांच्या वह्या व आठवणी आजच नोंदवाव्यात. एवढे होईपर्यंत 'जुगाडू' हा शब्द निदान कौतुक म्हणून तरी कोणी वापरू नये.