विश्लेषण : बोट वाचवणारी करवत तयार आहे, मग ती सक्तीची का होत नाही?

बॅटरीवर चालणारी हलकी यंत्रे, ऑनलाइन मिळणारी पाती आणि यूट्यूबवरचे व्हिडीओ यांमुळे घरातच शेल्फ, टेबल, देव्हारा बनवणाऱ्या हौशी सुतारांची संख्या वाढते आहे. या हौसेतले सर्वात धोकादायक यंत्र म्हणजे टेबल सॉ, म्हणजेच टेबलाच्या फटीतून वर आलेले फिरते पाते. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या अंदाजानुसार, तिथे दरवर्षी सुमारे ३० हजार लोक या पात्याला हात लागून रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात पोहोचतात. दिवसाला सरासरी १० जणांचे बोट किंवा बोटाचा भाग तुटतो. हे टाळणारे तंत्र १९९९ मध्येच तयार झाले आहे. तरीही ते सक्तीचे करण्याचा वाद दोन दशकांहून अधिक काळ रेंगाळला आहे.

पाते थांबते कसे?

ओरेगॉनमधील स्टीव्ह गॅस हे भौतिकशास्त्राचे डॉक्टरेट, पेशाने पेटंट वकील आणि हौशी सुतार. लाकूड विजेचे वाहक नाही, माणसाचे शरीर मात्र आहे, या साध्या फरकावर त्यांनी ‘सॉस्टॉप’ उभारले. पात्यावर एक क्षीण विद्युत संकेत सतत सोडलेला असतो. त्वचा पात्याला लागताच त्यातला काही भाग शरीरात ओढला जातो आणि संकेत घसरतो. ते टिपताच एक बारीक तार जळते, तिने दाबून धरलेली स्प्रिंग सुटते आणि ॲल्युमिनियमचा ठोकळा थेट दातांत घुसतो. पाते पाच मिलिसेकंदांच्या आत थांबते आणि टेबलाखाली जाते.

पाच मिलिसेकंद म्हणजे किती? टेबल सॉचे १० इंची पाते मिनिटाला साधारण चार हजार फेरे घेते. एका फेरीला १५ मिलिसेकंद लागतात. म्हणजे पाते एक तृतीयांश फेरीतच जागच्या जागी अडकते. त्याच्या दातांचा वेग ताशी सुमारे १९० किलोमीटर असतो, हे लक्षात घेतले की या करामतीचे मोल कळते. सॉसेज पात्यावर ढकलून दाखवण्याचे प्रात्यक्षिक त्यामुळेच गाजले. पुढे गॅस यांनी स्वतःचे बोटही लावून दाखवले. हात कापला जातच नाही असे नाही, पण बोट तुटण्याऐवजी खरचटण्यावर निभावते. किंमत मात्र मोजावी लागते. ब्रेकचा संच एकदाच वापरता येतो आणि पातेही बहुधा निकामी होते. ओले लाकूड किंवा त्यात राहिलेला खिळा यामुळे ब्रेक विनाकारण सुटू शकतो.

मग कंपन्यांनी ते का स्वीकारले नाही?

गॅस यांनी आधी मोठ्या कंपन्यांनाच हे तंत्र परवान्यावर देऊ केले होते. बोलणी फिसकटली. त्यांनी मागितलेला सुमारे आठ टक्के मोबदला कंपन्यांना भारी वाटला, असे एक कारण सांगितले जाते. दुसरे कारण कुणी उघड बोलत नाही, पण ते अधिक वजनदार वाटते. एका मॉडेलवर ब्रेक बसवला की बाकीची मॉडेल असुरक्षित असल्याची ती कबुलीच ठरते, आणि अमेरिकेत अशी कबुली न्यायालयात महागात पडते. अखेर गॅस यांनी स्वतःची कंपनी काढली आणि २००४ पासून यंत्रे विकायला सुरुवात केली.

भीती निराधार नव्हती. मॅसॅच्युसेट्समध्ये लाकडी फरशी बसवणाऱ्या एका कामगाराचा हात रिओबीच्या स्वस्त टेबल सॉवर गंभीर जखमी झाला. उपलब्ध असलेले सुरक्षा तंत्र यंत्रात नव्हते, हा त्याचा मुख्य दावा. २०१० मध्ये ज्यूरीने त्याला १५ लाख डॉलरची भरपाई दिली. पुढच्या वर्षी अपील न्यायालयानेही निकाल कायम ठेवला.

सरकारने काय केले?

गॅस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्येच आयोगाकडे सक्तीची मागणी केली होती. आयोगाने २०११ मध्ये प्राथमिक सूचना काढली, २०१७ मध्ये नियमाचा मसुदा आणि २०२३ मध्ये सुधारित मसुदा. त्यातली अट सोपी आहे. बोटासारखी चाचणी कांडी सेकंदाला एक मीटर वेगाने पात्याला लागली, तर काप ३.५ मिलिमीटरपेक्षा खोल जाता कामा नये. ते कोणत्या तंत्राने साधायचे, हे कंपनीने ठरवावे.

कंपन्यांच्या संघटनेचा आक्षेप असा, की यामुळे स्वस्त यंत्रे बाजारातून जातील आणि एकाच कंपनीच्या पेटंटला सरकारी मुद्रा मिळेल. दुसरा मुद्दा पूर्ण खोटा नाही. बॉशने ‘रीॲक्स’ नावाचे स्वतःचे यंत्र आणले, तेव्हा सॉस्टॉपने पेटंटभंगाची तक्रार केली आणि २०१७ मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने त्याची आयात रोखली. सुरक्षेचा पुरस्कार करणाऱ्याने दुसऱ्याचे सुरक्षित यंत्र बाजाराबाहेर काढायचे, हे पटणे कठीणच. फेब्रुवारी २०२४ मध्ये सॉस्टॉपने एक महत्त्वाचे पेटंट नियम लागू होताच सर्वांना खुले करण्याचे जाहीर केले. पण नियमच लागू झाला नाही. त्यातच २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी आयोगाच्या तीन सदस्यांना हटवले.

आपल्याकडे चित्र काय?

भारतात असा ब्रेक सक्तीचा नाही, आणि खरे तर आपला प्रश्न त्याच्या बराच अलीकडचा आहे. इथे बहुतेक घरांत किंवा सुताराच्या गाळ्यात कारखान्यात तयार झालेला टेबल सॉ नसतोच. असतो तो चार इंची मार्बल कटर, प्लायच्या तुकड्याला खालून उलटा स्क्रू केलेला. त्याला ना गार्ड, ना हात पोहोचेल असा स्विच. दगड कापायच्या यंत्राला दातेरी पाते लावले की लाकूड कापले जाते, हे खरे. पण लाकडात दात अडकून बसणारा झटका दगडात नसतो. अँगल ग्राइंडरला लाकडाचे दातेरी पाते लावणे त्याहून वाईट. तसे करू नका, असे ग्राइंडरच्या माहितीपत्रकात स्पष्ट छापलेले असते. शंभर मिलिमीटरची चकती मिनिटाला ११ हजार फेरे घेते, तेव्हा तिच्या कडेचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या पुढे असतो आणि पकड बहुधा एका हाताची असते.

कारखाना कायद्याच्या कलम २१ ने १९४८ मध्येच धोकादायक यंत्राला आडोसा घालणे मालकावर बंधनकारक केले. घरचा हौशी कारागीर किंवा दोघा सुतारांचा गाळा त्या कक्षेत येत नव्हता. म्हणजे ज्याला तपासणी अधिकारी, प्रशिक्षण, मुकादम यातले काहीच नाही, त्याची बोटे त्याच्याच भरवशावर.

ब्रेक नसताना काय करता येते?

अनेक अपघातांची सुरुवात पात्याकडे हात नेण्याने होत नाही, फळी उलटी उसळण्याने होते. कापलेली फट मिटते, फळी पात्याच्या मागच्या बाजूला दाबली जाते, तिथले वर येणारे दात तिला उचलून कारागिराकडे फेकतात आणि फळीवरचा हात पात्यावर जातो. पात्यामागे उभी राहणारी पातळ पट्टी, म्हणजे रायव्हिंग नाइफ, ही फट मिटू देत नाही. तिला ना वीज लागते ना पेटंट. यंत्र घेताना आधी ती आहे का ते बघा. ऑनलाइन मिळणाऱ्या ७७५ मोटरच्या खेळण्यातल्या टेबल सॉंना ती सहसा नसते. अरुंद पट्टी ढकलायला लाकडी पुश स्टिक हवी. फळीच्या सरळ मागे न उभे राहता किंचित बाजूला उभे राहावे. हातमोजे घालून फिरत्या पात्याजवळ जाऊ नये. कापड दातांत गुंतले की हात आत ओढला जातो. सैल बाही, ओढणी, गळ्यातला दोरा यांनाही तेच लागू. पाते बदलताना स्विच बंद करणे पुरेसे नाही. प्लग काढा, बॅटरी असेल तर तीही.

आणि बोट तुटलेच तर? जखम स्वच्छ कापडाने घट्ट दाबून हात वर धरावा. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या बंद पिशवीत आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट थेट बर्फात किंवा पाण्यात टाकले तर पेशी मरतात. नीट थंड ठेवलेले बोट काही तासांनंतरही जोडता येऊ शकते, पण मायक्रोसर्जरी प्रत्येक रुग्णालयात होत नाही. म्हणून निघण्याआधी फोन करून प्लास्टिक सर्जन उपलब्ध आहे का, हे विचारावे.