बकऱ्याच्या तोंडावरची खपली

बकरीदला सव्वा महिना राहिला होता. आम्ही शाळेतून घरी आलो तर धाकटा दारातच रडवेला होऊन उभा. "अब्बू, मोती काहीच खात नाही."

मोती म्हणजे आमचा बकरा. बेरारी जातीचा, चांदूरच्या बाजारातून चार महिन्यांपूर्वी आणलेला. घेताना आम्ही चारचौघांसारखे त्याचे ओठ उघडून दात पाहिले होते. वर समोरचे दात नसतातच, खाली आठ असतात. मधले दोन दुधाचे पडून मोठे आले की बकरा वर्षाचा झाला असे धरतात. दात पाहिले, पैसे दिले, आणि त्यानंतर त्या तोंडाकडे आम्ही कधी लक्ष दिले नाही.

आता पाहिले तर ओठांच्या कोपऱ्यांवर, नाकपुडीच्या कडेला फोड आणि त्यावर काळपट, जाड खपल्या. शेजारच्या चाचांनी सांगितले, "गर्मी झाली, खपली काढून हळद-तेल लावा." आम्ही बीएड झालेले, मुलांना विज्ञानही शिकवतो, तरी तेच केले. नखांनी खपल्या सोलल्या. रक्त आले. मोती ओरडला आणि धाकट्याने दोन दिवस आमच्याशी बोलणे टाकले.

चौथ्या दिवशी आमच्या अंगठ्यावर लालसर गाठ आली. मग मात्र गुरांच्या दवाखान्यात गेलो.

डॉक्टरांनी खपल्या पाहताच सांगितले, हा मावा. विषाणूचा आजार आहे. बाभूळ, बोर, हिवराच्या काट्यांनी ओठांना ओरखडे पडतात आणि तिथून तो आत शिरतो. आठवड्याभरापूर्वी शेजारी नव्या दोन पाठी आल्या होत्या, त्यांच्याही ओठांवर खपल्या निघाल्या. या विषाणूला मारणारे औषध नाही. साधारण तीन-चार आठवड्यांत जखमा आपोआप भरतात. तोवर पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्याने तोंड हलके धुवायचे, बोरोग्लिसरीन लावायचे, माशा बसू द्यायच्या नाहीत. जखम चिघळली तर प्रतिजैविक, पण ते डॉक्टरांनीच ठरवायचे. काटेरी पाला बंद. भिजवलेले कुटार, कोवळा घास, पातळ पेज. पिलांना झाला तर आईच्या सडांवरही फोड येतात, ती दूध पिऊ देत नाही, आणि पिल्लू माव्याने नाही तर उपासाने जाते.

पण तोंड आले म्हणजे मावाच, असे धरून बसू नये. लाळ गळते आहे, जिभेवर-हिरड्यांवर फोड आहेत आणि जनावर लंगडतेही आहे, तर खुरांच्या बेचक्यात पाहावे. ती लाळ्या खुरकूत. आणि भरपूर ताप, डोळ्या-नाकातून घाण, तोंडाच्या आत कोंडा पसरल्यासारखा थर, दुर्गंधी, पाठोपाठ हगवण, तर तो पीपीआर. तिथे एक रात्रही थांबू नये, कळपच्या कळप जातात. गुरांची बुळकांडी 2011 साली जगातून संपली. पीपीआर हा तिचाच भाऊबंद, तो मात्र अजून आहे. त्याची लस तीन-चार महिन्यांच्या पिलाला दिली की सुमारे तीन वर्षे पुरते. दवाखाना लांब असेल तर 1962 वर फोन करावा.

पीपीआर माणसाला होत नाही. मावा होतो, आणि आमचा अंगठा त्याची साक्ष होता. हाताला चीर असेल तर विषाणू तिथूनच शिरतो. तुर्कस्तान आणि बेल्जियममधल्या डॉक्टरांनी ईदनंतर हातावर असे फोड घेऊन आलेल्या लोकांची नोंद केली आहे. मुंडी साफ करणारे हात बहुतेक घरच्या बायकांचेच असतात, म्हणून हे मुद्दाम लिहितो. हातमोजे फार महाग नसतात. फोड आलाच तर झाकून ठेवावा, कापू-फोडू नये, डॉक्टरांना बकऱ्याविषयी आधी सांगावे. आम्ही ज्यांना प्रथम दाखवला त्यांना बकरा सांगायचेच विसरलो होतो, त्यांनी साधे गळू समजून गोळ्या दिल्या.

राहिला कुर्बानीचा प्रश्न. उघड आजारी, उघड लंगडा, एका डोळ्याने उघड आंधळा आणि हाडांचा सापळा झालेला जनावर चालत नाही, हे आपल्याला माहीत असते. आम्ही मौलाना साहेबांना विचारले. ते म्हणाले, घाई कशाला, तोंड भरू द्या, खाऊ लागला की पुन्हा येऊन सांगा. धाकटा हे ऐकत होता. तो रोज सकाळी शाळेआधी, हातात प्लास्टिकच्या पिशव्या बांधून, मोतीचे तोंड धुऊ लागला. बरा झाला तर काय होणार हे त्याला ठाऊक होते, तरी त्याने एक दिवस चुकवला नाही. आम्ही काही बोललो नाही.

पंचविसाव्या दिवशी शेवटची खपली आपोआप गळली. त्या खपल्यांत विषाणू महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून बांधण्याच्या जागेवरचा कचरा खरवडून जाळला, खुंटा बदलला. आमच्या अंगठ्याला मात्र आणखी दहा दिवस लागले.