बाटलीवर ‘डेड’ लिहिलंय? आधी कॅस नंबर बघा

अंबाजोगाईत एमएस्सी करून कुरकुंभच्या एमआयडीसीत नुकताच लागलेल्या मावसभावाने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. तपकिरी बाटली, लेबलवर ‘डीईएडी, टोल्युइनमध्ये 40 टक्के’. खाली प्रश्न : “दादा, याचं नाव खरंच डेड आहे का?”

नाव खरंच तसं आहे. डायइथाइल अझोडायकार्बोक्सिलेट, आद्याक्षरं घेतली की ‘डेड’.

हे करतं काय?

काही रेणू डाव्या-उजव्या हातासारखे असतात. औषधात बऱ्याचदा एकच ‘हात’ चालतो. अल्कोहोलमधला हा हात उलटा करणारी मित्सुनोबू अभिक्रिया 1967 पासून माहीत आहे आणि तिच्यात डेड लागतं.

मग धोका कुठे?

अझो म्हणजे दोन नायट्रोजन दुहेरी बंधाने जोडलेले. संधी मिळाली की त्यांना नायट्रोजन वायू होऊन सुटायचं असतं. तुमच्या चपलेचा फोमचा सोल बघा. त्यातले बुडबुडे बऱ्याचदा याच कुटुंबातल्या अझोडायकार्बोनामाइडमुळे येतात. तिथे वायू मोजूनमापून सुटतो. शुद्ध डेडला मात्र उष्णता किंवा धक्का बसला तर सगळं एकदम होऊ शकतं, म्हणजे स्फोट. म्हणून ते टोल्युइनमध्ये पातळ करून विकतात. बरेच जण त्याऐवजी त्याचा जरा शांत भाऊ डीआयएडी वापरतात.

23 मे 2024 ला डोंबिवली एमआयडीसीत अमुदान केमिकल्समध्ये रिॲक्टरचा स्फोट झाला, दहाहून अधिक लोक गेले. तेव्हा बातम्यांत पेरॉक्साइडचा उल्लेख होता. ते अझो नाही, पण तिथेही कमजोर बंध आणि कोंडलेली ऊर्जा हाच मुद्दा. बीडची कितीतरी पोरं अशाच कारखान्यांत कामाला जातात, आणि लेबल बहुतेक वेळा इंग्रजीत असतं.

मोबाईल कसा वापरायचा?

1. नावावर जाऊ नका, कॅस नंबर बघा. एकाच रसायनाला दहा नावं असतात, नंबर एकच. डेडचा 1972-28-7, डीआयएडीचा 2446-83-5.
2. तो नंबर आणि ‘एसडीएस’ असं सर्च करा. या सुरक्षा-पत्रकात 16 विभाग असतात. आधी 2 (धोके), 7 (हाताळणी, साठवण) आणि 10 (स्थिरता) वाचा.
3. इंग्रजी अडलं तर भाषांतर ॲप वापरा, पण आकडे आणि ‘नको’वाली वाक्यं मूळ पानावर पुन्हा तपासा. चॅटबॉटचं उत्तर ही सुरुवात समजा, परवानगी नाही.

भावाला मी उलटा प्रश्न केला : “फोटो कुठे काढलास?” म्हणाला, स्टोअर रूममध्ये.

टोल्युइनची वाफ पेट घेते. अशा ठिकाणी साधा मोबाईल न्यायचाच नसतो. नंबर कागदावर लिहा, बाहेर या, मग सर्च करा. बाटलीबद्दल विचारणारा पोरगा हुशारच. फक्त त्याने बाहेर येऊन विचारावं.